वाइड लेन्सवरचा फिल्टर आणि राजहंसगडावरचा काळा पट्टा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण वाचकांनी काढलेले पावसाळी फोटो छापलेत. पानभर आपलाच मुलूख बघून फार बरं वाटलं. त्यात राजहंसगडावरून घेतलेला एक आडवा फोटो होता. पावसानं उघडीप दिलेली, खाली येळ्ळूरची भातशेतं हिरवीगार, वर धुतलेलं निळं आकाश. पण त्या आकाशाच्या मधोमध शाई सांडल्यासारखा काळपट उभा पट्टा आणि दोन्ही कडांना आकाश फिक्कट. सोमवारी माझ्या शहापुरातल्या स्टुडिओत चौघांनी पेपर दाखवून विचारलं, छपाईत काही घोळ झाला काय? एक गृहस्थ तर खात्रीनं सांगत होते, की पोरानं मोबाईलवर रंग चढवून फोटो नासवलाय.

त्या मुलावर हा अन्याय आहे. तुमच्या छपाईचाही यात दोष नाही. तो पट्टा वाइड लेन्सवर, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर, पोलरायझर फिल्टर (ठरावीक पातळीतला प्रकाश अडवणारी, फिरवता येणारी काच) लावल्यानं आला आहे, आणि लेन्स, फिल्टर दोन्ही चांगले असले तरी येतो. आता आपल्या भागात गल्लोगल्ली पोरांच्या हातात कॅमेरे आलेत. घरातल्यांच्या घामाच्या पैशातून लेन्स घेतात आणि लेन्सबरोबर फिल्टरही गळ्यात पडतात. ते कधी लावायचे हे कुणी सांगत नाही. कधी काढून ठेवायचे हे तर मुळीच नाही. मी १९९१ पासून आप्पांच्या हाताखाली या धंद्यात आहे. या बाबतीत माझं स्वतःचं मोठं नुकसान झालेलं आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर क्षमा असावी.

आधी तो पट्टा. निळं आकाश आपल्याला एकसारखं वाटतं, पण ते तसं नसतं. सूर्याचा प्रकाश हवेत विखुरताना त्याचं ध्रुवीकरण होतं, म्हणजे लहरी एकाच पातळीत हलू लागतात. सूर्यापासून बरोबर काटकोनात असलेल्या आकाशात हे सर्वांत जास्त होतं. सूर्याच्या जवळ आणि त्याच्या थेट विरुद्ध बाजूला जवळपास होतच नाही. पोलरायझर नेमका हाच प्रकाश अडवतो, त्यामुळे काटकोनातलं आकाश गडद होतं, बाकीचं होत नाही. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स आडवं सुमारे ४० अंश बघते. तेवढ्या तुकड्यात फरक जाणवत नाही, सगळं आकाश सुरेख निळं येतं. २४ मिमीवर तेच ७४ अंश होतात. १६ मिमीवर ९७, म्हणजे काटकोनाहूनही जास्त! एवढं आकाश एका फ्रेममध्ये घेतलं की त्यात गडद पट्टाही येणार आणि त्याच्या दोन्ही अंगांचं फिक्कट आकाशही येणार. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १०-२० सारखी लेन्स १० वर ठेवली, की हीच गत.

हे आधी ओळखायला खर्च नाही. उजव्या हाताची तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ ठेवा आणि तर्जनी न हलवता मनगट फिरवा. अंगठा आकाशात जिथून जिथून फिरेल, तिथे तो पट्टा असतो. सकाळी सूर्य पूर्वेला खाली असताना पट्टा उत्तरेकडून डोक्यावरून दक्षिणेला जातो. राजहंसगडावरचा फोटो त्या मुलानं सकाळी, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून काढला असणार. बेळगावात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा हाच पट्टा क्षितिजालगत चहूबाजूंनी आडवा पसरतो आणि डावीउजवीकडे आकाश सारखं गडद मिळतं. पण त्या उन्हात कोण गड चढणार? थोडक्यात, निळं आकाश रुंद घ्यायचं असेल तर वाइड लेन्सवरून पोलरायझर काढून ठेवा. लावायचाच असेल तर पूर्ण फिरवू नका, अर्ध्यावर ठेवा, किंवा कॅमेरा उभा धरून आकाशाचा अरुंद तुकडा घ्या. पट्टा एकदा फोटोत आला, की कॉम्प्युटरवर तो सारखा करता करता अख्खी संध्याकाळ जाते आणि तरी डाग राहतोच.

ढगाळ आकाशावर तर पोलरायझरचा उपयोग नसल्यात जमा. मग जून ते सप्टेंबर तो बॅगेत तरी कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जांबोटीच्या पुढे मिळतं. कणकुंबीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना रान भिजून निथळत असतं. आपल्या डोळ्यांना ते हिरवंकंच दिसतं, फोटोत मात्र प्रत्येक पानावर पांढरट चकाकी येते. ती आकाशाची असते, ओल्या पानांवरून आणि ओल्या खडकांवरून परावर्तित झालेली. पोलरायझर लावा, रिंग हळू हळू फिरवा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघत राहा. एका जागी ती सगळी चकाकी पुसली जाते आणि खालून खरी हिरवाई वर येते. कातळ काळा होतो, शेवाळ उजळतं. इतकी वर्षं झाली, तरी ती रिंग फिरवताना मला दर वेळी आनंद होतो. हे काम पोलरायझरशिवाय कुणालाही जमत नाही, कॉम्प्युटरलाही नाही. पानावरच्या चकाकीखाली जे दडलं ते कॅमेऱ्यात आलेलंच नसतं, मग नंतर आणणार कुठून? वाइड लेन्सवर पोलरायझर वापरायचा तो इथे, फ्रेममध्ये आकाश नसताना किंवा कोपऱ्यात चिमूटभर असताना.

आणखी एक फायदा आहे. पोलरायझर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). दाट झाडीत, ढगाळ हवेत, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं, तर शटर आधीच पाव सेकंदाच्या आसपास आलेलं असतं. पोलरायझर लावला की ते पाऊण-एक सेकंदावर जातं. चोर्ल्याच्या वाटेवर रस्त्याकडेला उड्या मारत येणाऱ्या ओहोळांना तेवढं पुरतं, पाणी रेशमासारखं येतं. त्यासाठी वेगळा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा काळपट फिल्टर, घेण्याची गरज नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्यांदा सांगतो, कारण इथे त्यांचे दोन-तीन हजार वाचतात.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. बेळगावची शिवजयंती वाचकांना नव्यानं सांगायला नको. वैशाखातली ती चित्ररथांची रात्र आमच्यासाठी दिवाळीपेक्षा मोठी. काही वर्षांपूर्वी एका मंडळानं मला त्यांच्या चित्ररथाचं काम दिलं. पोरांनी महिनोन्‌महिने रात्री जागून देखावा उभा केला होता. गल्ल्या अरुंद, रथ उंच, म्हणून मी मुद्दाम नवी १६-३५ मिमीची वाइड लेन्स घेतली. नव्या काचेला ओरखडा नको म्हणून दुकानातच तिच्यावर यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर चढवून घेतला. साधाच होता, चकाकी कमी करणारं कोटिंग नसलेला. रात्रभर काढत राहिलो. मारुती गल्ली, गणपत गल्ली, नरगुंदकर भावे चौक, पायांचे तुकडे पडले. पहाटे घरी येऊन फोटो मोठे करून बघतो तर जिथे हॅलोजन तिथे समोरच्या कोपऱ्यात तसाच हिरवट दिवा. देखाव्यातल्या महाराजांच्या चेहऱ्यावर दिवे, जिजाऊंच्या पदरावर दिवे, काळोख्या आभाळात दिव्यांची उलटी रांग. साडेतीनशेपैकी दोनशेच्या वर फोटो वाया गेले.

कारण साधं आहे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. फिल्टरला दोन पृष्ठभाग, म्हणजे ८ टक्के. तेज दिव्याचा प्रकाश लेन्समधून आत जातो, सेन्सरवरून उलटून बाहेर येतो, फिल्टरच्या सपाट काचेवर आपटतो आणि पुन्हा आत जातो. त्यामुळे खऱ्या दिव्याची प्रतिमा फ्रेमच्या केंद्रापलीकडे, बरोबर विरुद्ध जागी उमटते. लेन्सच्या स्वतःच्या काचा वाकड्या असतात, त्यांच्यावरचं परावर्तन बहुधा पसरून जातं. फिल्टर सपाट असतो, म्हणून त्याचं भूत, म्हणजे ही खोटी प्रतिमा, रेखीव येतं. आणि वाइड लेन्समध्ये दिवे टाळताच येत नाहीत, कारण ती अर्धी गल्ली आत घेते.

मंडळाचे पैसे मी दुसऱ्या दिवशी परत केले. अध्यक्ष समजूतदार माणूस, एक शब्दही बोलले नाहीत. पण ज्या पोरानं तटबंदीचे बुरूज स्वतः रंगवले होते, तो माझ्या काउंटरपाशी उभा राहून एकेक फोटो बघत होता आणि म्हणाला, “काका, आमचा बुरूज एकाबी फोटोत नीट नाही की हो.” देखावा दोन दिवसांत मोडून टाकतात. पुन्हा काढायला परत काही मिळत नाही. ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हापासून रात्री, चित्ररथ असो, गणपती विसर्जन असो की मांडवातलं लग्न असो, लेन्सवर काहीच नाही. लेन्सच्या कडेला आडोशाचं हूड लावतो आणि काच उघडी ठेवतो. यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात खरोखर उपयोगी होता. फिल्मला अतिनील किरण लागायचे आणि डोंगरातल्या फोटोंवर निळसर धूसरपणा यायचा. डिजिटल सेन्सरच्या पुढे ते किरण अडवणारी काच बसवलेलीच असते. आता यूव्ही फिल्टरचं काम एकच, लेन्सच्या पुढच्या काचेची राखण. गोकाकच्या धबधब्यापाशी तुषार उडताना, होळीच्या रंगात, खाणीच्या रस्त्यावरच्या धुळीत जरूर लावा. दिवे फ्रेममध्ये आले की काढा. कमल बस्तीतही हेच. किल्ल्यातलं ते १२०४ सालचं जैन मंदिर, आत काळोख आणि दाराकडून येणारा झोत. त्या घोटीव खांबांचा आणि छतातल्या कमळाचा फोटो वाइड लेन्सनंच येतो. पण फिल्टर ठेवलात तर उजेडाच्या दाराचं भूत नेमकं काळ्या खांबावर बसतं.

फिल्टर घ्यायचाच तर मल्टिकोटेड, म्हणजे कोटिंगचे अनेक थर असलेला घ्या. दुकानात ओळखायचं कसं, हे मला एका जुन्या विक्रेत्यानं शिकवलं. फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरपा धरायचा आणि काचेतलं ट्यूबचं प्रतिबिंब बघायचं. पांढरं लख्ख दिसलं तर कोटिंग नाही. हिरवट किंवा जांभळट, मंद, जेमतेम दिसणारं असेल तर कोटिंग आहे. वेष्टनावर काय छापलंय ते नंतर वाचावं.

जांबोटी भागातला एक मुलगा माझ्याकडे येतो. लग्नाच्या ऑर्डरला मदतीला असतो आणि रविवारी स्वतःचे फोटो काढतो. डोळा फार चांगला आहे त्याचा. गेल्या वर्षी त्यानं पैसे साठवून जुनी वाइड लेन्स घेतली आणि त्यावर ऑनलाइन एक फिल्टर संच मागवला. बेचाळीसशे रुपये आणि एका पाकिटात नऊ फिल्टर. आठ दिवसांनी धावत आला, “काका, क्यामेरा बिघडलाय काय बघा की.” त्याच्या आईनं केलेल्या भात लावणीचा फोटो होता. वाकलेल्या बायकांची रांग, पाण्यात उतरलेलं आभाळ. आणि सगळ्या फोटोवर आडवीतिडवी काळी फुली.

कॅमेरा ठणठणीत होता. त्यानं व्हेरिएबल एनडी लावला होता. त्यात एकावर एक दोन पोलरायझर असतात. एक फिरवला की काळोख वाढत जातो. साध्या लेन्सवर ठीक चालतं. पण वाइड लेन्समध्ये कडेचा प्रकाश फार तिरपा येतो, तिथे दोन काचांचं गणित मधल्यासारखं राहत नाही आणि गडद टोकाकडे गेलं की फुली उमटते. संचातले बाकीचेही मी त्याच्यासमोर एकेक करून उघडले. एक जांभळट एफएलडी, तो ट्यूबलाइटखाली फिल्मवर येणारा हिरवेपणा मारायला. डिजिटलमध्ये ते काम कॅमेऱ्यातली रंग जुळवणारी व्हाइट बॅलन्सची सोय करते. एक नारिंगी, त्याचंही तसंच. आमचे आप्पा ओर्वो कंपनीच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवर पिवळा फिल्टर लावून वडगावच्या शेतांवरचे ढग काढायचे. पिवळा निळं अडवतो, आकाश करडं होतं आणि ढग उठून दिसतात. ते फोटो अजून आमच्या भिंतीवर आहेत. त्या फिल्टरांना तेव्हा कारण होतं. या संचातल्यांना आज नाही. तीन एनडी पांढऱ्या कागदावर ठेवून बघितले तर तिन्हींचा रंग वेगळा, एक तर चक्क विटकरी. खरा एनडी करडा असतो, रंगाला हात न लावता नुसता उजेड कमी करणारा. नऊपैकी एकही ठेवण्यासारखा निघाला नाही. तो गप्प बसला होता. त्याच्या पैशांचं मला फार वाईट वाटलं.

त्याला मी जे सांगितलं, ते इथे लिहितो. दोन फिल्टर पुरतात, एक चांगला पोलरायझर आणि जिथे उजेड जास्त असतो तिथल्या पाण्यासाठी एक सहा स्टॉपचा एनडी. घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवर व्यासाच्या खुणेपुढे लिहिलेला आकडा बघायचा. कॅननच्या १०-१८ ला ६७ मिमी लागतो, निकॉनच्या १०-२० ला ७२, टोकिनाच्या ११-१६ ला ७७. आज ६७ घेतला आणि उद्या लेन्स बदलली, की फिल्टर वाया. म्हणून फिल्टर ७७ चा घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी) वापरावी. ती रिंग शे-दोनशे रुपयांत मिळते. यानं वाइड लेन्सचं आणखी एक दुखणं टळतं. ९७ अंशांच्या नजरेला फिल्टरची कडसुद्धा आडवी येते. जाड रिंगचा फिल्टर लावला किंवा एकावर दुसरा चढवला, की चारी कोपरे काळे होतात. फिल्टर लेन्सपेक्षा मोठा असला तर त्याची कड नजरेबाहेर राहते. एकच अडचण, मग हूड बसत नाही. सूर्य कडेला असेल तर मी छत्रीची सावली धरतो, आणि छत्री फ्रेममध्ये आली नाही ना, हे दोनदा बघतो.

पातळ रिंगचे स्लिम फिल्टर खास वाइडसाठी असतात, चांगले असतात. पण काहींना पुढे आटे नसतात आणि लेन्सचं झाकण त्यांवर नीट बसत नाही. घेण्याआधी आपलं झाकण लावून बघावं. आणि कोपरे व्ह्यूफाइंडरवर विश्वास ठेवून तपासू नका. अनेक स्वस्त डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर फ्रेमचा ९५ टक्केच भाग दाखवतो, काळे कोपरे नेमके उरलेल्या पाचात लपतात. लेन्स सर्वांत रुंद टोकाला, एफ/१६, फोकस अनंतावर, समोर पांढरी भिंत. एक फोटो काढा आणि मोठा करून बघा.

काही वाइड लेन्सची पुढची काच फुगीर, बाहेर आलेली असते. निकॉनची २००७ सालची १४-२४ एफ/२.८ तशी आहे. तिला आटेच नाहीत, साधा फिल्टर बसत नाही. १५० मिमीच्या मोठ्या चौकोनी काचा आणि त्यांचा होल्डर लागतो, तो खर्च वेगळा. सेकंडहँड बाजारात ही लेन्स दिसली की मुलं भुलतात. लेन्स अप्रतिम आहे, पण धबधब्यांसाठी घेणाऱ्यानं हे आधी जाणून घ्यावं.

आता एनडी आणि गोकाक. १/३० सेकंदाचं शटर सहा स्टॉपच्या एनडीनं दोन सेकंदांवर जातं, दहा स्टॉपच्यानं जवळपास अर्ध्या मिनिटावर. मुलांना दहा स्टॉपचं फार वेड आहे. पण ऑगस्टमध्ये घटप्रभा भरून वाहत असताना गोकाकचा धबधबा अर्धा मिनिट उघड्या शटरनं काढला, तर त्याचं काय होतं? ५२ मीटरवरून कोसळणारं ते गढूळ, तांबूस पाणी एक सपाट पडदा होऊन बसतं. त्याचे लोट जातात, गर्जना जाते. तिथे मी कुठलाच फिल्टर न लावता १/२५० वर काढतो, पाण्याचा एकेक गोळा सुटताना दिसला पाहिजे. पाणी ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास कातळावरून धारा सुटतात, तेव्हा अर्धा-एक सेकंद द्यावा. तोच धबधबा, पण दोन ऋतूंत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. कुणाला माझं हे मत पटणार नाही. मी ते अनेक पावसाळे तिथे उभं राहून बनवलेलं आहे.

एनडी लावण्यापूर्वी फोकस करून घ्यावा आणि ऑटोफोकस बंद करावा, कारण काळ्या काचेतून कॅमेऱ्याला दिसत नाही. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाकावा, मागून उजेड शिरतो. ट्रायपॉडवर हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद. गोकाकला तुषार सतत उडतात, आणि वाइड लेन्सवर छिद्र लहान केलं की फिल्टरवरचा एकेक थेंब फोटोत डाग होऊन उतरतो. प्रत्येक फोटोआधी मऊ कपड्यानं पुसा.

तिथलं आणखी एक सांगायलाच हवं. वाइड लेन्समधून धबधबा लांब आणि लहान दिसतो. माणूस नकळत एकेक पाऊल पुढे सरकतो, डोळा व्ह्यूफाइंडरला आणि पाय शेवाळावर. एकदा मी असाच सरकत होतो. मागून एक म्हातारे शेतकरी ओरडले, “नीर भाळ ऐतरी, हिंदक बर्री!” पाणी फार आहे, मागे या. मी वळून बघितलं तर उतार माझ्या पावलापासून दोन हातांवर होता. त्यांचे आभार मानायचेही मला त्या क्षणी सुचले नाहीत. पाणी मोठं हवं असेल तर लेन्स बदला, पुढे जाऊ नका.

सूर्य पाठीशी असताना तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं, आणि वाइड लेन्सचा खरा मान तिथे आहे. कमानीची त्रिज्या ४२ अंशांची, म्हणजे पूर्ण कमान ८४ अंश रुंद. ती दुसऱ्या कुठल्या लेन्समध्ये मावत नाही. पण पोलरायझर काढा. इंद्रधनुष्याच्या प्रकाशाचं ध्रुवीकरण कमानीच्या रेषेबरोबर वळत जातं, माथ्यावर आडवं आणि पायांशी उभं. पोलरायझर एका दिशेलाच सोडतो, त्यामुळे माथा राखला तर पाय पुसले जातात आणि पाय राखले तर माथा.

अर्ध्यात काळी, अर्ध्यात मोकळी अशी ग्रॅज्युएटेड काच मी फक्त हिडकल जलाशयावर वापरतो, कारण तिथे पाण्याची रेघ सरळ असते. आपल्या बाकीच्या मुलखात क्षितिज डोंगरांचं. काचेची रेघ डोंगराच्या माथ्यावरून जाते आणि माथा विनाकारण काळा होतो. त्यापेक्षा ट्रायपॉडवर दोन फोटो घ्यावेत, एक आकाशासाठी, एक जमिनीसाठी, आणि घरी जोडावेत.

आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीबद्दलही लिहितो, कारण खानापूर तालुक्यात कित्येकांच्या काचांना बुरशी लागलेली मी बघितली आहे. फिल्टर कापडी किंवा चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. निळी पुडी गुलाबी झाली की तव्यावर मंद शेकून घ्या, पुन्हा निळी होते. पोलरायझरला विशेष जपा, त्याच्या दोन काचांमधला पडदा उष्णतेनं आणि ओलीनं सुटतो. मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला माझा एक तसाच गेला. फिल्टर लेन्सवर घट्ट बसला तर पकडीनं आवळू नका. कडेभोवती दोन रबर बँड गुंडाळा आणि हलक्या हातानं फिरवा, जोर लावला की रिंग चेपते आणि जास्तच अडकते.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. पुढच्या वेळी वाचकांचे फोटो छापाल तेव्हा प्रत्येकाखाली एक ओळ जास्त द्यावी. लेन्स किती मिमीची, शटर किती आणि फिल्टर कोणता, की फिल्टरच नव्हता. शिकणारी मुलं तेवढ्या एका ओळीवरून खूप काही समजून घेतात. राजहंसगडाच्या फोटोखाली ती ओळ असती, तर चौघांना त्या मुलाला दोष द्यावासा वाटला नसता. तो मुलगा हे वाचत असेल तर त्यानं त्याच जागेवरून, त्याच वेळी, फिल्टर काढून तो फोटो पुन्हा घ्यावा आणि आपल्याकडे पाठवावा. त्याची चौकट उत्तम होती.

माझ्याकडे ७७ मिमीचा एक चांगला पोलरायझर, सहा स्टॉपचा एनडी आणि ५८ पासून पुढच्या सगळ्या स्टेप-अप रिंगा आहेत. कुणाला विकत घेण्याआधी आपल्या लेन्सवर लावून बघायचं असेल, तर शहापुरात संध्याकाळी सहानंतर लेन्स घेऊन यावं. मंगळवारी दुकान बंद असतं.

आपला नम्र,
एक स्टुडिओचालक,
शहापूर, बेळगाव